गढीच्या बागेतले बुधवार

८ मे, शुक्रवार. अकोला

बॅग दोनदा भरली, दोनदा रिकामी केली. मुगाच्या वड्या, ज्वारीचे पापड, आईचे जाड मोजे, पानपिंपरीची एक पुडी. अविनाशचं म्हणणं, विमानतळावर विचारतील. विचारू देत. सांगेन, खोकल्याचं औषध आहे, आमच्या अंजनगावच्या मळ्यातलं.

मागची खोली तयार झाली. पिस्ता रंग छान उतरलाय. पलंग, खिडकीला जाळी, कुलरसाठी वेगळा प्लग. अविनाशने कुरकुर न करता सगळं केलं, नवऱ्याबद्दल हेही लिहून ठेवायला हवं.

परतीची तिकिटं दोन काढलीत, माझं आणि आईचं. बाबा गेल्यावर ती अंजनगावच्या घरात एकटी होती. मार्चमध्ये धाकटा भाऊ प्रशांत तिला इंग्लंडला घेऊन गेला. आता त्याचं सुरू झालंय की व्हिसा संपेपर्यंत राहू दे, आणि पुढेही दर उन्हाळ्यात येत जाऊ दे. मला पटत नाही. थंडी, परकी भाषा, दिवसभर घरात कोणी नाही. मी जाणार, थोडं फिरणार आणि आईला अकोल्याला आमच्याकडे घेऊन येणार. कायमची. अंजनगावच्या घराला कुलूप. मळा बटईने, अर्ध्या वाट्याने, दिलेलाच आहे.

याबाबत मनात शंका नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मला बहुतेक गोष्टींबद्दल असते.

११ मे, सोमवार. प्र.कडे

पोचले. इथे लोक स्वेटर घालून ‘काय सुंदर ऊन’ म्हणताहेत. अकोल्यात आज रस्त्यावर डांबर वितळत असेल.

आई वाळली आहे. खाते, बोलते, पण कोणी तरी बटण दाबल्यासारखी. समोरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची, तिथेच दिवस. विचारलं, काय बघतेस?

“मोटरी.”

“किती येतात?”

“येत नाई. म्हनून त पाहून राहिलो.”

म. (प्र.ची बायको, पुण्याची, गावातल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट) तिचं सगळं मनापासून करते. फक्त आई ‘काहून वं?’ (म्हणजे साधं ‘का गं?’) म्हणाली की अजूनही जरा दचकते. आज मला म्हणाली, “ताई, मला अजून वाटतं आई रागावल्यात.” मी म्हटलं, “रागावल्या की कळेल. तेव्हा त्या बोलत नाहीत.”

तिकिटाचं प्र.ला सांगितलं. “काढून मोकळी झालीस?” एवढंच म्हणाला. म्हणजे विषय संपलेला नाही.

१३ मे, बुधवार

आज मॅनर पाहिलं, जुन्या जमीनदारांचं मोठं घर, आता सगळ्यांना बघायला खुलं. प्र.च्या घरापासून पायी अर्ध्या तासावर. प्र.ने सुटी घेतली नाही. मी, आई आणि कागदी नकाशा.

रस्ता एका शेतकऱ्याच्या उभ्या गव्हातून जातो. पाटी आहे, सार्वजनिक पायवाट. शेतकऱ्याने गव्हातून माणूसभर रुंदीची पट्टी मोकळी सोडलीय. आई बांधावरच थांबली.

“कोनाचं वावर हाय हे?”

“कोणाचंही असो. जायचा हक्क आहे सगळ्यांना.”

“तो पाहीन त बोलन ना.”

“नाही बोलणार.”

“मंग आपल्याकडची पांदन त्या देशमुखानं काहून नांगरली?”

मी नकाशाची घडी घातली आणि ‘चल’ म्हटलं. पदर खोचून, पिकाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरत ती पूर्ण वावर चालली. माझी सॅक मात्र दोन्हीकडे घासत होती.

मग झाडी, मेंढ्या, तळं आणि एकदम ते घर. मधाच्या रंगाचा दगड, खिडक्याच खिडक्या, धुराड्यांची रांग. आई म्हणाली, “हे त इंग्रजाईची गढी हाय.” मॅनरला मराठीत काय म्हणावं याचा मी विमानात विचार केला होता. वाडा बसेना, हवेली बसेना. गढी. बसलं.

आत दोऱ्या लावलेल्या खोल्या, तसबिरी, तांब्याची भांडी भिंतभर. प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त माणसं, विचारा म्हणून वाट बघत उभी. मी घरून एक प्रश्न तयार करून नेला होता. भूगोल शिकवते, वऱ्हाडातला कापूस गाठी बांधून कुठे जात होता ते दरवर्षी फळ्यावर काढते. दिवाणखान्यातल्या गृहस्थांना विचारलं, या घराचा पैसा कापसाचा ना? चेहरा सौम्य ठेवला, पण आवाजाला धार होती.

ते म्हणाले, “नाही हो, मेंढ्या. लोकर. तीनशे वर्षं फक्त मेंढ्या.”

मी निराश झाले. निराश झाले याचं मग हसू आलं. आईने विचारलं, काय म्हणाला? म्हटलं, धनगर होते हे लोक. तिने तसबिरींकडे पुन्हा एकदा, जरा आपुलकीने पाहिलं.

स्वयंपाकघरातून बाहेर पडताना खिडकीतून पलीकडचं एक छोटं घर दाखवलं तिथल्या बाईंनी. त्याला डाउअर हाउस म्हणतात. घरधनी वारला की मोठ्या घरात मुलगा-सून येत आणि म्हातारी मालकीण त्या घरात राहायला जाई. रीतच होती. मी आईला सांगितलं आणि सांगता सांगताच वाटलं, सांगायला नको होतं. बाबा जाऊन वर्षसुद्धा झालेलं नाही.

“पोरानं काढून देल्ली म्हन.”

“काढून नाही गं. वेगळं घर.”

“दरवाजा अलग होता?”

“हो.”

“चूल?”

“तीपण असणार.”

“मंग बरं हाय,” आई म्हणाली आणि ते घर नजरेआड होईपर्यंत मान वळवून बघत चालली.

शेवटी भिंत घातलेली भाजीची बाग. एक उंच, सत्तरीच्या बाई वाटाण्याला काटक्यांचा आधार देत होत्या, सुतळी दातात धरून. हेलन. आई उभी राहिली, थोडं पाहिलं, आणि न विचारता काटकीचं दुसरं टोक धरलं. मग त्या दोघी एक पूर्ण ओळ बांधून उठल्या. एक इंग्रजीत बोलत होती, एक वऱ्हाडीत, आणि दोघी मधून मधून मान हलवत होत्या. मी नकाशा बघत होते.

निघताना आईने हात जोडले. “येतो बरं बाई.”

हेलनने माझ्याकडे बघितलं. मी परतीची वाट शोधत होते. ‘शी सेज शी विल कम,’ म्हटलं. हेलन खूश झाल्या, कोणाकडे उतरलात ते विचारलं; मी म.चं दुकान सांगितलं.

१४ मे, गुरुवार

‘दरवाजा अलग होता?’

पिस्ता खोलीचं दार आमच्या हॉलमध्ये उघडतं.

उगाच ताणतेय मी. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोणाचं दार वेगळं असतं? माझंही नाही. आई प्रश्न विचारते तो कुतूहलाने, तिच्या बोलण्यात आडून सुचवणं नसतं. वऱ्हाडी बाईला काही हवं असलं तर ती सांगते.

सांगते ना? बाबा आजारी असताना तिचे गुडघे सुजले होते, ते शेजारच्या काकूंनी मला सांगितलं होतं.

१६ मे, शनिवार

घोटाळा झालाय. म. दुकानातून आली ती हसतच. “ताई, आई बुधवारी बागेत कामाला जाणार आहेत? हेलनबाई आल्या होत्या गोळ्या न्यायला. म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंसाठी छोट्या मापाचे हातमोजे काढून ठेवलेत. यादीत नाव घातलंय, त्यांचे ते स्वयंसेवकाचे बुधवार असतात ना.”

आधी कळेना. मग कळलं. ‘येतो’.

निघताना ‘जातो’ म्हणू नये म्हणून आपण म्हणतो ते ‘येतो’. आणि मी, इंग्रजीतून पेपर वाचणारी बाई, त्याचं ‘येईन’ करून दिलं. हेलनला तो शब्द दिल्यासारखा वाटला. त्यांची काही चूक नाही.

लगेच फोन करायला निघाले. खुलासा करायचा, माफी मागायची. आईने भाजी निवडता निवडता विचारलं, काय झालं? सांगितलं.

“मी त निंघताना म्हनतो तसं म्हनलं.”

“तेच सांगते त्यांना.”

“काय सांगशीन? का नाई येत म्हनून?”

“चुकून झालं म्हणून.”

“तिनं हातमोजे काढून ठेवले का नाई?”

“ठेवलेत.”

“मंग ठेव थो फोन.”

म. म्हणाली, “आई, तिथे खूप गार असतं सकाळी.” आई म्हणाली, “निंदन करताना काही गार लागत नाई, मनीषा. तू पुन्याची, तुले नाई मालूम.” म. आज दचकली नाही, चक्क हसली.

२० मे, बुधवार

सोबत गेले, दुभाषी म्हणून. लागले नाही फारशी.

हातमोजे आईने घातले, दोन मिनिटांत काढून कमरेला खोचले. हेलनने गुडघ्याखाली घ्यायची उशी दिली, ती मात्र आवडली. कांद्याच्या वाफ्यात तण काढायचं होतं. मातीत हात घातल्या घातल्या म्हणाली, “चिकट हाय बाप्पा. पन काई नाई, निंघते.” आणि बसली ती बसलीच. पाठीमागून पाहिलं तर अंजनगावची आई.

तणात निम्मं चाकवत निघालं. हेलन ते खताच्या ढिगावर टाकत होत्या. आईने त्यांचा हात धरला. “अवं बाई, भाजी हाय थे!” मी भाषांतर केलं. हेलन म्हणाल्या, युद्धाच्या काळात आमच्या आजीकडेही खायचे म्हणे. घरी न्यायला पिशवी दिली.

इथवर सगळं झकास. मग आईला वाफ्याच्या कडेला शेपू दिसला. कोवळा, पिसासारखा. बांधावर आपोआप उगवलेला असतो तसा. तिने दोन जुड्या होतील एवढा सपासप उपटून पिशवीत टाकला. हेलन हातातलं टोपलं टाकून धावत आल्या. तो शेपू नव्हता. कसली तरी निळी फुलं येतात त्याला, त्यांनी बी मुद्दाम ओळीत पेरलं होतं, आणि खायचं तर अजिबात नाही, पोट बिघडतं.

मी शरमले. ‘सॉरी’ तीनदा म्हणून झालं. आईने पानं चोळून वास घेतला.

“वास नाई येत शेपूचा. आधी पाहाले पाह्यजे होता. घाई केली.”

“काय म्हणतात त्या?” हेलन.

मी नीट भाषांतर केलं, एक शब्द इकडे तिकडे नाही. हेलन खाली बसल्या आणि दोघींनी उपटलेली रोपं परत लावली. जगतील का म्हणून विचारलं तर हेलन म्हणाल्या, बहुतेक नाही. आई म्हणाली, पानी घाल. दोघी एकाच वेळी बोलल्या म्हणून हसल्या.

संध्याकाळी चाकवताची ताकातली भाजी. प्र.ने तीनदा घेतली. आई जेवणात बोलत होती. बटण न दाबता.

२२ मे, शुक्रवार

व्हायचं ते झालं. जेवणानंतर प्र. म्हणाला, “बघ ताई. इथे तिचं मन लागलंय. तिकीट पुढे ढकल.”

“एका बुधवारावरून?”

“मार्चपासून पहिल्यांदा ती हसली.”

“मार्चपासून कोणी तिला घराबाहेर काढलं होतं का?”

हे लागट होतं. खरंही होतं, पण लागट जास्त. तो म्हणाला, “तुझ्या तिसऱ्या मजल्यावर काय करणार आहे ती? कुंड्या?” हेही तसंच.

मी म्हटलं, तिथे भाषा आहे, माणसं आहेत, डॉक्टर आहे, अंजनगाव दोन-अडीच तासांवर आहे. तो म्हणाला, म्हणजे अंजनगावला जाऊ देणार तिला? मी म्हटलं, अधूनमधून. तो म्हणाला, वा.

आई आत भांडी पुसत होती. दार उघडंच. तिला ऐकू आलं नाही असं होणं शक्य नाही. बाहेर आली, म्हणाली, “पशा, गीझर बंद कर. तापून राहिला कधीचा.” आणि झोपायला गेली.

नंतर मी हिशोब मांडून पाहिला, कोणाचं म्हणणं किती बरोबर. माझंच जास्त भरतं. शांत डोक्यानेही तेच येतं. पण एक गोष्ट टोचते. आम्ही दोघं तिच्याबद्दल इतकं बोललो, आणि ती बाहेर आली तेव्हा दोघंही गप्प झालो.

२७ मे, बुधवार

बागेतला शेवटचा दिवस. हेलनना या वेळी मी आधीच स्पष्ट सांगितलं, आम्ही शनिवारी भारतात परत जातोय. शब्द तपासून, दोनदा. त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी?” मी आईकडे वळून विचारलं. आई म्हणाली, “पाहू.” मी म्हटलं, “शी सेज, वी विल सी.” या वेळी भाषांतर बरोबर होतं आणि तरी काहीच कळलं नाही.

लावलेल्या रोपांपैकी दोन उभी आहेत. बाकीची गेली.

परतताना गव्हातल्या वाटेवर आई पुढे, मी मागे. गहू आता कमरेच्या वर. माझं धाडस झालं, म्हणाले, “आई, तुला इथे राहावंसं वाटतं का? प्र. म्हणतो तसं?”

“टिकिट हाय ना माहं तुह्यासंगं?”

“आहे. पण पुढे ढकलता येतं.”

“काढलं हाय त जाऊ.”

प्र.ला सांगितलं. आईची बॅग त्याने स्वतः भरली, साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. मला वाईट वाटलं त्याचं.

मी जिंकले. ‘जिंकले’ हा शब्द खोडून दुसरा लिहावा असं वाटलं. पण आला तो हाच. राहू दे.

आणि तिने मला निवडलं की तिकिटाला?

२ जून, मंगळवार. अकोला

घरी. उकाडा भट्टीसारखा. आईला खोली आवडली. “रंग चांगला हाय,” म्हणाली. अविनाशने कुलर लावून दाखवला, तिने चालू-बंद करून पाहिला. सगळं व्यवस्थित.

मी बाजारातून आले तर ती खुर्ची गॅलरीत नेऊन बसली होती.

“काय बघतेस?”

“मोटरी.”

इथे खूप येतात. बसायची ढब तीच. मी पिशवी तशीच धरून दारात उभी राहिले.

५ जून, शुक्रवार

तीन दिवस टाळत होते ते लिहून टाकते. प्र.ला दाखवायचं होतं की माझी योजना बरी. खोली रंगवली तेव्हा रंग कोणता हवा हे आईला फोनवर विचारता आलं असतं. मी अविनाशला विचारलं. त्या दिवशी गव्हात विचारलं तेही प्र.च्या योजनेबद्दल. माझ्या योजनेबद्दल विचारलंच नाही. ती विचारण्यासारखी गोष्ट आहे असं वाटलंच नव्हतं मला.

योजना वाईट नव्हती. अजूनही वाटतं, अकोला बरं. डॉक्टर, बाजार, मी. हे सगळं खरं आहे आणि मी ते मागे घेत नाही.

रविवारी अंजनगावला जायचं. आईला म्हटलं, घर उघडून हवा देऊ. “चाल,” म्हणाली, आणि लगेच पिशवी घ्यायला उठली. दोन दिवस आधी.

७ जून, रविवार. एसटीत, अंजनगाव ते अकोला

अक्षर हलतंय. लिहायला हवं आत्ताच.

कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडलं. धूळ, पालीची अंडी, बंद घराचा वास. आईने पदर डोक्याला गुंडाळला आणि झाडू घेतला. मी खिडक्या उघडल्या. शेजारच्या काकू धावत आल्या. “आली का वं विलायतवाली! गोरी झाली काय?” आई म्हणाली, “गोरी कायची? निंदन करून आलो गोऱ्यायच्या वावरात.” दोघी ओट्यावर बसून शेपूची गोष्ट सांगत, ऐकत इतक्या हसल्या की काकूंना ठसका लागला. तिने स्वतःची फजिती काहीही न लपवता सांगितली. उलट थोडी वाढवूनच.

मळ्यात जाऊन आलो. पिंपरीचे वेल बटईवाल्याने बरे ठेवलेत. आईला दोन ठिकाणी बांधणी पसंत पडली नाही, ती तिने तिथल्या तिथे सोडून पुन्हा बांधली. तो बघत होता.

दुपारी चहा झाला. काकू गेल्या. मी ओट्यावर, आई उंबऱ्यात. मी ठरवून आले होते, वाक्य एसटीत तयार केलं होतं, लांबलचक, दोन्ही बाजू मांडणारं. ऐन वेळी एवढंच आलं.

“आई, तुला कुठे राहायचंय?”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“इचारून राहिली का सांगून राहिली?”

“विचारतेय.”

“अकोल्याची खोली रंगवली थे?”

“ती राहील तशीच. कोणी पाहुणे आले तर लागेल. तू विचार न करता सांग.”

“इचार न करता काहून सांगू?” एकदम तिखट. “तुमच्या बाबाच्या मांगं कोनी काही इचारलं नाई मले. पशानं टिकिट काढलं, तू टिकिट काढलं. आता इचारलं त इचार करू दे ना.”

“किती दिवस?”

“पाय, लागली घाई.” आणि हसली. “तुहं कॉलेज उघडन ना आता? तू जाय. मी राहातो इथं. ठरलं म्हंजे फोन करतो.”

“एकटी?”

“म्हातारी हाय मी, लहान पोट्टी नाई.”

गॅस बघितला. औषधं कपाटात लावली, कुठली कधी ते दोनदा सांगितलं. प्र.ला मेसेज केला: आईला विचारलंय, ती विचार करतेय, तूही काही ठरवू नकोस. त्याचं उत्तर आलं, “ओके ताई.” मग थोड्या वेळाने, “मीपण विचारायला हवं होतं.” त्याला लिहिलं, दोघांनीही.

ती काय सांगेल माहीत नाही. अंजनगाव म्हणाली तर गुडघे, दवाखाना, पावसाळ्यात एकटी, हे सगळं माझ्यापुढे येईल आणि ते मला बघावं लागेल. अकोला म्हणाली तर हॉलमधून न जाता तिच्या खोलीत जाता येईल असं काही करता येतं का, मिस्त्रीला विचारेन. पुन्हा इंग्लंड म्हणाली तर मी वाद घालीन. एकदाच. मग नाही.

आत्ता अविनाशचा फोन आला होता. गाडीचा आवाज, त्याला नीट ऐकू येईना. दोघींसाठी पोळ्या टाकू की कसं, विचारत होता. म्हटलं, एकटीच येतेय.

“का? काय ठरलं?”

“आई ठरवतेय,” मी ओरडून सांगितलं. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं.